विषाचा फोटो

दयाराम वाकोडे यांचा अर्ज नामंजूर झाला. पण ते पुढचं; आत्ता राहू द्या, तसं काही झालेलं नाही. अर्ज अजून लिहिलेलासुद्धा नाही. दयाराम आत्ता कुठे चिखलीच्या बसस्टँडमागच्या नेट सेंटरच्या दाराशी चपला काढताहेत. चपला आतल्या फरशीपेक्षा स्वच्छ आहेत.

आत कॉम्प्युटरवर बसलेल्या फिजाने मान वर केली नाही. सकाळपासून बोंडअळीच्या नुकसानभरपाईचे एकतीस अर्ज भरून झाले होते आणि आज शेवटची तारीख होती. तिने बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. केली होती. त्याचा उपयोग एवढाच, की भाऊ शाकिर बाहेर गेला की दुकान ती सांभाळायची.

"बेटी, बियाण्यातल्या विषाचा फोटो पाह्यजे. अर्जाले जोडाचा हाय."

"कोनं सांगितलं, काका?"

"कृषी हापिसातले साहेब म्हणे, बियाणं बोगस हाय तं पुरावा लावा. अन् एक कॉपी घरी पाह्यजे. घरवालीले, मनकर्णाले, ज्वारी पेराची होती, मी कपाशी लावली. तवापासून थे मले बोलत नाही. फोटो पाह्यला तं समजन, चुकी कोनाची."

साहेब वैतागून बोलले असणार, हे फिजाला कळलं. पण एकतीस वेळा गट नंबर टाइप केल्यावर माणूस कशालाही तयार होतो. जगभरच्या प्रथिनांचे आराखडे ठेवणारी वेबसाइट तिने उघडली, बीटी कपाशीतल्या अळी मारणाऱ्या प्रथिनाचं नाव टाकलं. यादी आली. त्यातला एक चार अक्षरी क्रमांक निवडून तिने फाइल डाउनलोडला लावली. तेवढ्यात दयारामांचा चहा पिऊन झाला.

फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर ओळीच ओळी, प्रत्येकीत आकडे.

दयारामांनी चष्मा लावला. "हा तं सातबारा हाय."

"एकेका अणूची जागा हाय, काका. कोन कुठं बसला ते."

"अन् मालकाचं नाव?"

"नसते."

"मंग भावाभावांत भांडनं नसतीन."

तिने तीच फाइल आकार दाखवणाऱ्या पानावर टाकली. काळ्या पडद्यावर रंगीत फितींचा गुंता उभा राहिला. काही पिळलेल्या, काही दुमडलेल्या. माउसने ओढला तसा फिरू लागला. बाजारात गोऱ्हा पाहावा तसा दयारामांनी तो पुढून, मागून, खालून पाहून घेतला.

"कुठं मोडलं हाय?"

"कुठंच नाही."

"नीट पाह्य."

"हे तुमच्या थैलीतलं नाही, पण तुमच्या कपाशीतबी असंच असते. विष ठीक हाय, काका. अळी बदलली. तिच्या आतड्यात हे जिथं चिकटते, थे जागाच बदलली."

"काऊन बदलली?"

हा प्रश्न फिजाला परीक्षेत दहा मार्कांना आला होता. तेव्हा समोर कोणी चष्मा लावून बसलेलं नव्हतं.

"थैलीत साध्या कपाशीची लहान पुडी यायची ना? थे कडेनं लावाची असते. त्या झाडांवर साध्या अळ्या जगतात. विष पचवनाऱ्या तगड्यांचा जोडा त्यांच्यासंग लागला तं पिल्लं विषानं मरतात. पुडी कोनंच लावली नाही. मंग तगड्यांचं लगन तगड्यांसंगच होत गेलं."

पडद्यावरचा गुंता आता आपोआप फिरत होता. दयारामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत न लावता हातातच धरला.

"मनकर्णा दरसाल पुडी काढून ठेवे," ते म्हणाले. "म्हणे, कंपनीनं देल्ली तं कायच्या तरी कामाची असन. मी म्हशीले चारली."

"दरसाल?"

"म्हैस इकली तोवर. मंग फेकत गेलो."

साडेचार वाजले होते. पाचला कार्यालय बंद होणार होतं.

"फोटो जोडू का? हा तं कंपनीच्याच बाजूनं बोलते."

"बोलू दे. लिह्य."

ते सांगत गेले. फिजाने सवयीने त्याचं कागदाच्या मराठीत करून टाइप केलं. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटचा परिच्छेद असा झाला:

'तरी मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, बियाण्याची चौकशी न करता सदर बोंडअळीस पूर्ववत करण्याचे आदेश व्हावेत. तसेच अर्जदाराची पत्नी मनकर्णाबाई यांचे पुडीबाबतचे म्हणणे पहिल्यापासून बरोबर होते, असे त्यांना आपल्या कार्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी कळविण्यात यावे.'