शेळीच्या दुधाचं मलम

"आगं सरक मागं! तुज्या डोईचं केस पडत्याल कढईत," हरणाबाई खेकसली.

"पडूंद्यात की. माज्या केसानंच गुण यायचा!" असं म्हणत शेजारची धोंडुबाई चुलीपासून वीतभर मागं सरली.

दोघींचं हे रोजचंच. एकमेकींवर डाफरल्याशिवाय दोघींनाही भाकर गोड लागत नसे. हरणाबाईचं तरी काय चुकलं म्हणा! चुलीवर शेळीचं दूध आटत होतं आणि त्या कामात तिला माशीसुद्धा चालायची नाही. जाळ कसा, तर नुसता धगीचा. उतू गेलं की दिवस वाया. दूध निम्म्यावर आलं की त्यात तिळाचं तेल, कोरफडीचा गर आणि पोळ्याचं मेण घालायचं. मग खाली उतरवून रवीनं घोटत बसायचं, हात मोडून येईस्तोवर. तेव्हा कुठं ते लोण्यासारखं मऊ मलम तयार व्हायचं. कुणाच्या टाचा फुटू देत, उन्हानं कातडं सोलपटू दे, नाहीतर गुऱ्हाळात उकळता रस अंगावर उडू दे, इस्लामपूरच्या अलीकडली चार गावं हरणाबाईच्याच दारात यायची. नवरा पटकीनं गेल्यापासून दोन शेळ्या, ही कढई आणि लीला नावाची सतरा वर्षांची लेक, एवढाच तिचा परपंच होता.

आणि बाई मोठी गर्वाची! खोटं कशाला सांगू? मलम नुसतं हातात द्यायची नाही. स्वतः लावायची आणि लावता लावता विचारायची, "झोंबतंय का?" तिचं शास्त्र सरळ होतं. पहिल्या दिवशी मलम झोंबतं, तिसऱ्या दिवशी कमी झोंबतं. झोंबायचं थांबलं, की आत नवं कातडं धरलं, गुण आला. केरबा गुळव्याचा हात काहिलीतल्या रसानं कोपरापर्यंत भाजला, तेव्हा एवढा दांडगा गडी "आये, मेलो मेलो" करत सोप्यात नाचला होता. आणि दहाव्या दिवशी त्याच हातानं रस ढवळायला लागला.

तर श्रावणात लीलाच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक फिकट चट्टा उठला. खाज नाही, दुखणं नाही. हरणाबाईनं मलम लावलं आणि आपला नेहमीचा सवाल टाकला.

"झोंबतंय का गं?"

"न्हाई की."

"जरासुदीक?"

"आये, तू लावलंस कवा, त्येच मला कळलं न्हाई."

हरणाबाईला आभाळ ठेंगणं झालं. पहिल्याच दिवशी गुण! तिनं पाणवठ्यावर चारचौघींत सांगितलं. पुढं चट्टा वाढून तळहाताएवढा झाला, तर म्हणाली, "इरायच्या आदी पसरतंच की. ढग न्हाई का पसरत?" लीलाही हसली. आईच्या हातावर तिचा लय भरवसा.

फाल्गुनात लीलाचं जमत आलं. पोरगा कृष्णात, पलटणीत शिपाई, महिन्याच्या रजेवर आलेला. बाप नाथाजी आधीच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, बोलायला मोजका पण सरळ माणूस. त्याला पोरगी आवडली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. हरणाबाईला दुसरं काही मागायचं नव्हतं. आपण डोळं मिटायच्या आत पोरगी एका घराला लागावी, एवढ्यासाठी तिचा जीव अडकला होता.

सुपारीच्या दिवशी पाव्हणी माणसं सोप्यात जेवायला बसली. समोरच चुलीपुढं लीला भाकरी थापत होती. कृष्णात ताटातनं मान वर करी, आणि ती तव्यावरनं. तेवढ्यात धोंडुबाई किंचाळली, "आगं बया! हात! हात भाजला की पोरीचा!"

लीलानं खाली बघितलं. तिचा डावा हात तव्याच्या कडेला टेकलेला होता. उचलला, तर कातडं तव्यालाच चिकटून राहिलं. पोरीला नवल वाटलं तेवढंच. तोंडातनं साधं 'हाय' निघालं नाही.

हरणाबाई मलमाचं गाडगं घेऊन धावली. एवढ्या पाव्हण्यांत आपली विद्या दाखवायची वेळ आलेली, ती कशाला सोडतीय!

"घाबरू नगासा पाव्हणं. जेवा तुमी." तिनं बोटानं मलम चोळलं. "ह्ये आत्ता भाजल्यालं. केरबासारखा गडी आरडला व्हता. लीले, सांग मामंजीस्नी. झोंबतंय का?"

"न्हाई, आये."

"बघितलंसा? आवं, सात म्हयनं चोळतीया मी. कातडंच असं तयार झालंय, की इस्तूसुदीक लागत न्हाई!"

नाथाजीचा घास हातातच राहिला. त्यानं तो ताटात ठेवला, हात धुतला आणि म्हणाला, "पोरी, हिकडं यी."

लीला पुढं होऊन बसली. नाथाजीनं पटक्याला खोचलेली टाचणी काढली.

"त्या शेळीकडं बग. हिकडं बगू नगं."

त्यानं आधी कोपराजवळ टोचलं. लीला "स्स" करून दचकली. मग त्यानं चट्ट्याच्या कडेला, न भाजलेल्या जागी टोचलं. टाचणी चांगली आत गेली. रक्ताचा थेंब वर आला.

शेळीकडं बघतच लीलानं विचारलं, "कवा टोचणार, मामंजी?"

नाथाजीनं टाचणी मातीत खुपसून टाकली.

"हरणाबाई," तो म्हणाला, "बसऱ्याला दवाखान्यात एक येगळा तंबू व्हता. तितं डागतर असंच टोचून बगायचा. पोरीला मिरजंला न्या. उद्याच न्या."

"आवं, पर गुण आलाय तिला!"

"न्हाई आला, बाई." नाथाजी उठून उभा राहिला. "ऊठ, कृष्णात."

कृष्णातनं एकदा लीलाकडं बघितलं. पण बापाचा हुकूम मोडायची त्याची रीत नव्हती. उठला आणि मागं न बघता गेला. बाकीची माणसं ताटावरनं तशीच उठली.

मिरजेच्या डॉक्टरनं रागं भरलं नाही. उलट लय मायेनं विचारलं, "कधीपासून हिला लागत नाही, बाई?"

"श्रावणापास्नं," हरणाबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या ध्यानात आलं. जो दिवस तिनं गुणाचा म्हणून मिरवला, तोच रोगाचा होता. डॉक्टर म्हणाला, दर आठवड्याला सुई, ती वर्षानुवर्षं, आणि तरी खात्री नाही. लवकर आणली असती तर बरं होतं, हेही त्यानं सांगितलं. कशाला सांगितलं कुणास ठाऊक!

गावात 'रगतपिती', म्हणजे महारोग, हा शब्द त्यांच्या आधी पोचला होता. पंचांनी ओढ्याकाठी खोपट घालायला जागा दाखवली. "पोरगी तितं राहील, तू घरात ऱ्हा," म्हणाले.

"लेकीला एकटी टाकाय मी काय कैदाशीण हाय व्हय?" हरणाबाई म्हणाली, आणि शेळ्यांची दावी सोडून तीही निघाली.

आता मलमाला कुणी येत नाही. शेळीचं दूधही कुणी घेत नाही. केरबा त्या बऱ्या झालेल्या हातानं लांबनंच रामराम घालतो. धोंडुबाई तेवढी बाभळीपर्यंत येते, भाकरीचं फडकं ठेवते आणि डोळ्याला पदर लावून माघारी जाते. ती आता भांडत नाही. हरणाबाईला त्याचंच जास्त लागतं. एकदा तिनं मुद्दाम ओरडून बघितलं, "आगं, भाकरी करपवलीस की!" तर धोंडुबाई नुसती "व्हय" म्हणाली.

जेठात लीलाची करंगळी वाकायला लागली. मिरजेला जाऊन येऊन सुया चालूच होत्या, चट्टे दंडापर्यंत चढले होते. कातडं कोरडं पडून भेगाळू द्यायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं, म्हणून हरणाबाई अजून दूध आटवायची. घोटायची. पण हल्ली लावताना तोंडातनं शब्द काढत नसे. इतक्या वर्षांचा तो सवाल तिच्या जिभेवर यायचा आणि ती तो गिळायची. लीलाला ते दिसत होतं.

एका सकाळी खोपटाच्या दारात दोघी बसल्या. लीलानं डावा हात आईच्या मांडीवर टाकला आणि तोंड ओढ्याकडं फिरवलं. पाण्यातल्या बगळ्यांकडं बघत बसली. मग एकाएकी म्हणाली,

"आये, आज जरा लागतंय गं. चुरचुरतंय तुज्या बोटानं."

हरणाबाईची बोटं अजून गाडग्यातच होती.

"लागंल, बाय," ती म्हणाली. "हळूच लावते."