पेनाने लिहिलेल्या अकरा चिठ्ठ्या

सकाळपासून सुनेचा पाय एका जागी ठरत नव्हता. बरण्यांच्या कपाटापासून खिडकीपर्यंत आणि परत, अशा चाळीस तरी खेपा झाल्या असतील. तीन वाजता सासूबाई बंदर कचेरीत अहवाल मांडणार होत्या, आणि त्यातल्या अकरा नोंदी बिनबुडाच्या आहेत हे फक्त हिला ठाऊक होतं.

सासूबाई या प्रयोगशाळेच्या मुख्य. घरी त्यांना आई म्हणायचं, इथे बाई. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सुनेची जीभ अधूनमधून घसरायचीच. किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागला की त्याचं पोट उघडायचं, माशांच्या कानांतले खडे आणि माकुळांच्या, म्हणजे स्क्विडच्या, चोची वेचून स्पिरिटच्या बरणीत ठेवायच्या, हे दोघींचं काम. खड्यावरून मासा कळतो, आणि माशावरून डॉल्फिन कुठे जेवला ते. बावीस वर्षं बाईंचं म्हणणं एकच: इथल्या डॉल्फिनच्या दोन जातींनी समुद्र वाटून घेतलाय. पाठीवर उंचवटा असलेले कुबडे खाडीच्या तोंडाशी गाळातले मासे खातात, बाटलीनाके बाहेर खोल पाण्यात माकुळ. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. म्हणून ज्यांत अडकून डॉल्फिन मरतात ती कोळ्यांची जाळी खाडीतून उठवून बाहेर न्यायची, म्हणजे उरलेसुरले कुबडे वाचतील. बाटलीनाके पुष्कळ होते.

आता स्पिरिटमधली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, हे या कामातलं शेंबडं पोरही जाणतं. सुनेने गेल्या वर्षी घाईत अकरा चिठ्ठ्या पेनाने लिहिल्या. महिन्याभरात शाई विरघळली, कागद कोरे; कुठली बरणी कुठल्या जातीची, ते कळेना. मग हिने काय करावं? आतलं जेवण पाहिलं. चोची दिसल्या, लिहिलं बाटलीनाका. खाडीतले खडे दिसले, लिहिलं कुबडा. आणि त्याच बरण्या मोजून सिद्ध केलं की दोघांची ताटं वेगळी! एखादा कुबडा बाहेर जाऊन माकुळ खाऊन आला असेल, तर हिनेच त्याचा बाटलीनाका करून टाकला होता. आणि आता जाळी नेमकी तिकडेच निघाली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने स्वतःला तीन दिवस समजावलं होतं. बाई पिशवीत कागद भरायला लागल्या, तशी ती त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"आई..."

"इथे बाई."

"नाही, आज आईच." आणि तिने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "बरण्यांत जठराचे तुकडे आहेत. तपासायला पाठवले तर जात कळेल. तीन आठवडे लागतील."

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "कधी लक्षात आलं?"

"तीन दिवस झाले."

"म्हणजे तीन दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस."

सुनेने मान खाली घातली. खरडपट्टीला ती तयार होती. पण बाई स्टुलावर बसल्या आणि कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बघत राहिल्या. तिथे त्यांच्या सुरुवातीच्या बरण्या होत्या, ज्यांच्यावर पुढचं सगळं उभं होतं.

"त्यातल्या चौदा," बाई म्हणाल्या. "एका वर्षी छप्पर गळलं. चिठ्ठ्या बाहेर डकवलेल्या असायच्या, त्यांचा लगदा झाला. मीही खडे बघूनच लिहिल्या."

"मग त्यांचे तुकडे..."

"तेव्हा ठेवायची पद्धत नव्हती गं. नुसते खडे आहेत."

सुनेला वाटलं, यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. हिच्या अकरांचा निकाल तीन आठवड्यांत लागणार होता. त्या चौदांचा आता कुणीच लावू शकणार नव्हतं. ती काही बोलायला गेली, तर बाईंनी हातानेच थांबवलं आणि फोन उचलला.

"जाळी हलवायची एवढ्यात ठरवू नका," त्या कचेरीतल्या माणसाला म्हणाल्या. "अहवालात चूक आहे. हो, आमचीच." पलीकडचा आवाज चढला. या महिन्यात खाडीत दोन कुबडे मेले, निर्णय होईपर्यंत आणखी मेले तर कोण जबाबदार, असं तो विचारत होता. बाईंनी ऐकून घेतलं.

"अकरांचं तीन आठवड्यांनी सांगते," त्या म्हणाल्या. "आणखी चौदा आहेत, त्यांचं मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं."