सिद्धूनं भरलेल्या खाचा

आरं ऐका तर! कुंडलच्या शाळेत अंकिता गाडीतनं उतरली आन् आधी चिंचंखालीच जाऊन उभी ऱ्हायली. हितंच ती आन् सिद्धू डबा खायची. तिला खरडा सोसायचा न्हाई, मग सिद्धू तिच्या वाटचाबी खायचा, डोळ्यातनं पानी काढत हसायचा. आता त्याच शाळेची नवी लोखंडी इमारत हुनार हुती. नकाशा इंजिनेर अंकिताचा, वेल्डिंग सिद्धूचं. अजून काय पायजे, सांगा!

सिद्धू पळतच आला. "चल, गर्डर बघ. आरशावानी केल्यात!"

तिनं वाकून टोकं बघितली. हरेक गर्डरच्या टोकाजवळ दोन्ही कडांना तिनं मुद्दाम अर्धगोल खाचा पाडायला सांगितल्या हुत्या. त्या गायब! वर पट्ट्या, वेल्डिंग, घासून रंगबी दिलेला.

"सिद्ध्या, खाचा कुठं गेल्या रं?"

"भरल्या की! अगं, सरपंच भाऊसो समद्यांम्होरं म्हनले, अंकीचं गर्डर उंदरानं कुरतडल्यात व्हय? लागलं मला. म्हनलं, आपल्या अंकीचं नाव जाऊ द्यायचं न्हाई."

आता पास का नापास, ते अंकितानंच ठरवायचं हुतं. पास म्हनलं तर सिद्धू खूश. पन ह्याच छपराखाली गावची पोरं बसनार, आन् कोयनंकडचे भूकंपाचे धक्के काय इचारून येत न्हाईत.

ती हळूच म्हनली, "तालमीत तुझा हात मोडला हुता, आठवतंय?"

"आठवतंय की. पडताना ताठ धरला. वस्ताद लय वरडले, अंग सैल सोड, हाडावर घिऊ नगं."

"तसंच हाय हे. जमीन हादरली की गर्डरनं खाचंपाशी वाकायचं. मग खांबाचा जोड शाबूत ऱ्हातो, पोरं भायेर पळत्यात. तू खाचा भरून टाकल्यास, आता जोडच तुटंल."

"मग परत कापतो."

"न्हाई रं. वेल्डिंगनं तापल्यालं लोखंड हाय, आता भरवसा न्हाई. नवंच लागतील."

सिद्धूचं तोंडच उतरलं. तिच्याकडं पाठ करून एका गर्डरवर बसला. अंकिताला वाटलं, गेला आपला दोस्त.

मग उठला. खिशातला खडू काढून तिच्या हातावर ठेवला.

"बाद मालावर फुली मारत्यात. तूच मार. शाळेत माझी गनितं तपासताना कवा दया केलीस व्हय?"

पयली फुली तिनं बारीकशीच मारली. सिद्धू मातुर म्होरं म्होरं चालला, फडक्यानं धूळ पुसत, फुली नीट उठावी म्हनून.