मी दोनदा वाजले होते

मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे आणि तो मला कारखान्यातच मिळाला आहे. मी डायलिसिसची एक जुनी मशीन. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांचे रक्त मी एका नळीने बाहेर घेते, धुते आणि दुसऱ्या नळीने परत देते. भोळ्या स्वभावाला हे काम जमणार नाही. नळीत बुडबुडा शिरला का, सुई सरकली का, माणसाचा रक्तदाब उतरला का, असा संशय मला सारखा घ्यावा लागतो. काही वावगे वाटले की माझा पिवळा दिवा लागतो आणि मी वाजते.

माझी पहिली सहा वर्षे डब्लिनच्या एका रुग्णालयात गेली. तिथल्या परिचारिका मला किरकिरी म्हणत, पण वाजले की धावत येत. पुढे नवी मशीन आली आणि २०१९ साली मला आयर्लंडमधल्याच डंडॉक गावातल्या एका मराठी घरात पाठवण्यात आले. घराचे मालक उपेंद्र, त्यांची पत्नी उल्का आणि बावीस वर्षांची मुलगी केतकी. आठवड्यातून चार दिवस, चार-चार तास, उपेंद्र माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत.

उपेंद्रही माझ्याच जातकुळीचे निघाले. इंटरनेटवरून पैसे पाठवणाऱ्या एका कंपनीत ते लोकांची कागदपत्रे तपासत. कोणते ओळखपत्र खरे आणि कोणते बनावट, हे शोधणे त्यांचे काम. त्यामुळे ते दुधाच्या डब्यावरची तारीखसुद्धा दोनदा वाचत. त्यांनी स्वतःचा आजार मात्र ऑफिसात कोणालाही सांगितला नव्हता. मला वाटायचे, जो माणूस स्वतः एवढे लपवतो, त्याला दुसऱ्यांवर संशय येणारच.

मार्च २०२० मध्ये उल्का आजारी वडिलांना भेटायला नागपूरला गेल्या आणि आठवड्याभरात विमाने बंद झाली. मला चालवायला त्याच शिकल्या होत्या. आता केतकीशिवाय घरात कोणी नव्हते. रुग्णालयाच्या परिचारिकेने मास्क लावून तिला दोन आठवडे शिकवले. "पिवळा दिवा लागला की आधी आकडा बघायचा, मग माणूस बघायचा, आणि मगच आवाज बंद करायचा," असे तिने पुन्हा पुन्हा सांगितले. केतकीने मान हलवली. मान हलवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. मी तिच्यावर भरवसा ठेवला नाही.

पण मुलगी कामाची निघाली. सुया लावणे, नळ्या जोडणे, स्वयंपाक, स्वतःचा शेवटच्या वर्षाचा अभ्यास, सगळे ती एकटी करी. तिला डॉक्टर व्हायचे होते. त्यासाठी आधी विज्ञानाच्या पदवीला चांगले गुण हवे होते.

मे महिन्यात तिची शेवटची परीक्षा घरूनच होती. तो डायलिसिसचा दिवस होता. ती लॅपटॉप घेऊन माझ्याच खोलीत बसली. दीड तासाने उपेंद्र यांचा रक्तदाब उतरू लागला. मी वाजले. केतकीने मान वर न करता हात लांबवला आणि माझा आवाज बंद केला. बाबांनी हात वाकवला तरी मी वाजायचे, हे तिला ठाऊक होते. तिला तसेच काहीतरी वाटले असावे. थोड्या वेळाने मी पुन्हा वाजले. तिने पुन्हा बटण दाबले आणि लिहीत राहिली. मग उपेंद्र यांची मान एका बाजूला कलली आणि हातातला पाण्याचा पेला खाली पडला.

त्यानंतर तिने सर्व काही बरोबर केले. खुर्ची आडवी केली, पाय उंचावले, सलाइन सोडले, रुग्णवाहिका बोलावली. उपेंद्र वाचले. परीक्षा अर्धी राहिली.

दोन दिवसांनी रुग्णालयातून परतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मशीन वाजली नव्हती का गं?"

केतकी माझ्याकडे बघत म्हणाली, "नाही, बाबा. नाही वाजली."

मित्रांनो, आयुष्यात इतका मोठा आळ माझ्यावर कधी आला नव्हता. तंत्रज्ञ ओवेन मला उचलून कार्यशाळेत घेऊन गेला आणि माझ्या जागी तात्पुरती दुसरी मशीन ठेवून आला. त्याने माझा प्रत्येक पुर्जा तपासला. कोणते बटण कधी दाबले गेले हे नोंदवून ठेवण्याची सोय माझ्यासारख्या जुन्या मशीनमध्ये नसते. "शी'ज ग्रँड," म्हणजे मी ठणठणीत आहे, असे म्हणून त्याने मला परत आणून सोडले. पण उपेंद्र यांचा विश्वास बसेना. त्यांनी औषधांच्या दुकानातून रक्तदाब मोजायचे एक लहानसे यंत्र आणले आणि माझ्या शेजारी ठेवले. मी एक आकडा सांगितला की ते त्या चिमुरड्याला विचारून खात्री करीत.

मी मनातल्या मनात केतकीवर पाळत ठेवली. आता मी जरा कुठे वाजले की ती धावत येई. आकडा बघे, मग बाबांचा चेहरा बघे. मला वाटे, ही सगळी देखाव्याची धावपळ आहे.

ऑगस्टच्या अखेरीस उल्का परतल्या. केतकीचा निकालही लागला. मेडिकल कॉलेजला लागणाऱ्या गुणांपेक्षा तिचे गुण थोडेसेच कमी होते. कॉलेजच्या अर्जात एक रिकामा चौकोन होता. अभ्यासावर परिणाम करणारी काही वैयक्तिक अडचण आली असेल तर ती इथे लिहा, सोबत पुरावा जोडा. पुरावा म्हणजे रुग्णालयाचे पत्र, आणि त्यासाठी उपेंद्र यांची सही हवी होती.

"माझ्या आजाराचं भांडवल करायचं नाही," उपेंद्र म्हणाले.

"बाबा, भांडवल कसलं? मार्क का पडले ते सांगायला नको?"

"या वर्षी सगळ्यांचेच पडले. माझी फाइल कोणाकोणाच्या टेबलावरून फिरेल, माहीत आहे तुला? आणि हे असले अर्ज मला चांगले ठाऊक आहेत. दहा रडगाण्यांतली सहा खोटी असतात."

"अहो, आपली मुलगी आहे ती," उल्का म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतोय. त्या लोकांना ती सातवी वाटेल."

डब्लिनजवळ सँडीफोर्डला राहणाऱ्या अभिजितकाकांचा फोन आला, तेव्हा केतकी माझ्या नळ्या पुसत होती. काका स्पीकरवर मोठ्याने म्हणाले, "अगं, सोप्पं आहे. मशीन बिघडली होती, तरी मी बाबांना वाचवलं, असं लिही. मशीन काय साक्ष द्यायला येणारे?"

केतकी नुसते "बघते" म्हणाली. मी मनाशी ठरवून टाकले की ही आता तेच लिहिणार. आळ घेऊन जगणे माझ्या नशिबी आहे.

एका शनिवारी सकाळी उपेंद्र यांना माझ्याशी जोडल्यावर तिने एक छापील कागद त्यांच्या मोकळ्या हातात दिला. "वाचा. मग सही करायची की नाही ते ठरवा," एवढे बोलून ती समोरच्या स्टुलावर बसली.

कागद मांडीवर ठेवून उपेंद्र ऑफिसातल्यासारखे वाचू लागले, एकेका ओळीवर बोट ठेवून. अर्ध्यावर बोट थांबले. त्यांच्या दंडाला बांधलेल्या माझ्या पट्ट्याला त्यांचा रक्तदाब चढलेला कळला आणि मी वाजले. केतकी उठली. तिने आकडा बघितला, बाबांकडे बघितले आणि मग आवाज बंद केला.

"म्हणजे ती वाजली होती?" त्यांनी विचारले.

"दोनदा."

"आणि तू..."

"मी न बघता बंद केली. पेपर चालू होता. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा मला भीती वाटली."

त्यांनी त्या ओळीखाली नखाने रेघ ओढली. मग उपेंद्र म्हणाले, "हे काढून टाक. माझ्या आजाराबद्दल हवं तेवढं लिही. नोकरीवर सांगायला लागलं तर तेही सांगेन मी. पण हे काढ. रुग्णाचा अलार्म बंद करणाऱ्या मुलीला कोण डॉक्टर करेल?"

"काढलं, तर वाचणाऱ्याला काय वाटेल? तुम्ही रोज असे कागद बघता. सांगा ना."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. "वाटेल, की एवढी गुणी मुलगी फक्त कागदावर असते," ते कसेबसे म्हणाले. तरी त्या दिवशी त्यांनी सही केली नाही.

पुढच्या दोन वेळा त्यांनी सुया उल्काकडून लावून घेतल्या. केतकी दारात उभी राहून बघत असे. तिसऱ्या वेळी उल्का हातमोजे घालू लागल्या, तेव्हा उपेंद्र म्हणाले, "राहू दे. केतूला बोलाव." तिने सुया लावल्या. मग त्यांनी मोकळ्या डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत, सही केली. शेजारचे ते चिमुरडे यंत्र त्यांनी स्वतःहून कपाटात ठेवायला सांगितले.

जानेवारी २०२१ मध्ये मुलाखत झाली, लॅपटॉपवर, माझ्याच खोलीत. इंटरनेट तिथे चांगले चाले. पडद्यावरच्या एका बाईंनी विचारले, "तुम्ही अलार्म न बघता बंद केलात. मग रुग्ण तुमच्या हाती कसे द्यायचे?"

केतकीने एकदा माझ्याकडे बघितले. मग म्हणाली, की विश्वास ठेवा असे मी सांगू शकत नाही. आता मी आधी बघते, एवढेच सांगू शकते.

त्या बाई खूप वेळ काहीतरी लिहीत राहिल्या आणि शेवटी "ग्रँड" म्हणाल्या. "ग्रँड म्हणजे नक्की काय?" उपेंद्र आठवडाभर विचारत होते. इथली माणसे पाय मोडला तरी ग्रँड म्हणतात!

पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. ती एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. ऑगस्टच्या शेवटी, कोणीतरी जागा सोडल्यावर, तिला ईमेल आला. ती ओरडत खोलीत आली. उपेंद्र माझ्याशी जोडलेले होते. "थांब! पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघ. लिंक उघडू नकोस," ते म्हणाले. पत्ता त्यांनी तीनदा तपासला. मग चष्मा काढून ते खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या पट्ट्याला सगळे कळले, पण त्या वेळी मी वाजले नाही.

आता मी थकले आहे. माझ्या जागी नवी मशीन येणार आहे आणि माझे चालू पुर्जे दुसऱ्या मशीनना लावणार आहेत. जाण्याआधी मलाही एक गोष्ट कबूल करायची आहे. केतकीची ती धावपळ देखावा नव्हती. पाच महिने मी तिचे प्रत्येक पाऊल मोजले, पण ती सकाळपासून उभी होती, हे मोजायचे मला सुचले नाही. संशय घेणे माझे काम होते, पण मी तो फक्त एकाच बाजूने घेतला.

मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात कोणी आजारी असेल, तर त्याची विचारपूस जरूर करा. मग त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडे वळा. त्याच्या हातून काही चुकले असेल, तर ते पुढे कधीतरी विचारता येईल. आधी त्याला विचारा, की आज तू जेवलास का? मला बोलता येत असते, तर मी केतकीला हेच विचारले असते.