हळदीच्या पोत्यांत लावलेला आवाज

साहेब, आमच्या गावचं सभागृह तुम्ही बंद ठेवलंय. फीत तुम्हीच कापलीत, फोटो काढून घेतलात, कुलूप ठोकलंत आणि गेलात. आत स्टेज आहे, पडदा आहे, पंखेसुद्धा आहेत. आमच्या बँडला वाजवायला जागा मागायला गेलं की तुमचा शिपाई म्हणतो किल्ली वरच्या ऑफिसात. वरचं ऑफिस म्हणतं खालीच असेल बघा. म्हणून आम्ही सांगलीला आमच्या गिटारवाल्या आर्जवच्या वडलांच्या हळदीच्या गोदामात वाजवत होतो, आणि म्हणूनच साताऱ्यात आमची इज्जत जायची वेळ आली. ती वेळ तुमच्यामुळं आली. काय झालं ते आता नीट वाचा.

सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांच्या युवा महोत्सवाची पत्रिका आली. प्रमुख पाहुणे म्हणून तुमचंच नाव. मी, प्रीती, आमच्या बँडमध्ये गाते आणि गाणी पण मीच लिहिते. शाळेत मराठीत काठावर पास झालेली बाई, पण ते गाणं मी एका बैठकीत लिहिलं:

कुलपाला गंज आला, पडदा उंदरानं खाल्ला,
साहेब, सांगा की, किल्ली कुणाकडं हाय?

बक्षीस मिळो न मिळो. तुम्ही पहिल्या रांगेत बसणार आणि हा प्रश्न तुमच्या कानात पडणार, एवढ्यासाठी आम्ही साताऱ्याला निघालो. एक शब्द जरी हुकला तरी सगळं वाया.

आर्जवकडं हाय-गेन अँप आहे. म्हणजे गिटारच्या तारेला नुसतं बोट लागलं तरी वाघ उठल्यासारखा आवाज निघतो. गोदामात छतापर्यंत हळदीची पोती. ती पोती आवाजाची सगळी धार पिऊन टाकतात. म्हणून तिथं आर्जव रोज थोडं थोडं करत ट्रेबल, म्हणजे धारेचं बटण, शेवटपर्यंत घेऊन गेला. गेन फुल, बास फुल. मधल्या पट्टीचं बटण, मिड म्हणतात ते, शून्यावर, कारण एकटा वाजवताना मिड काढलं की आवाज ढगासारखा मोठा वाटतो. मग बहिणीचं नेलपॉलिश घेऊन त्यानं प्रत्येक बटणाला ठिपका दिला. कुठंही वाजवायचं तर बटणं त्या ठिपक्यावरच. देवाच्या मूर्तीला हात लावावा तसा तो त्या बटणांना हात लावायचा.

साताऱ्यात स्टेज होतं शाळेच्या मैदानावर. खाली फरशी, मागं पत्र्याची शेड, आणि पोतं एक पण नाही. दुपारी आवाज तपासायला आम्हाला बोलावलं. आर्जवनं ठिपक्याला ठिपका जुळवला आणि तार छेडली. ग्राइंडरनं पत्रा कापावा तसा आवाज आला. सावलीत झोपलेलं कुत्रं उठलं, आमच्याकडं एकदा बघितलं आणि फाटकातून बाहेर गेलं. त्यात गंमत अशी, की शिवतेजनं ड्रम आणि भरतेशनं बास गिटार सुरू केल्यावर तोच आवाज गायब झाला. नुसतं फस्स ऐकू यायचं. अँप जमिनीवर, त्याचा आवाज आर्जवच्या पोटऱ्यांवरून पुढं जायचा. त्याला वाटायचं आपण ऐकूच येत नाही, की तो अजून वाढवायचा.

आर्जवचे वडील नेमिनाथकाका आम्हाला टेंपोतून घेऊन आले होते. ते रिकाम्या खुर्च्यांत तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. गाणं संपलं तसं त्यांनी मला विचारलं,

"पोरी, गाणं कुठल्या भाषेत हाय?"

"मराठीत, काका."

"मग कळंना कसं?"

मी सरळ आर्जवला म्हटलं, गेन कमी कर. तो म्हणाला, गेन कमी केला तर बायकांच्या भिशीत वाजवल्यासारखं वाटंल. मी म्हटलं भिशीत निदान एकमेकींचं बोलणं तरी कळतं. शिवतेजनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, दोघांनी मिळून त्यालाच झापलं. भरतेश गप्प होता. तो नेहमीच गप्प असतो.

शेवटी काकांनीच तोडगा काढला. म्हणाले, मी इथनं हलत न्हाई. पोरीचा शब्द कळला की बोट वर करतो, तवर तू बटणं फिरव. आणि लवकर उरका, दिवस मावळायच्या आत मला जेवायचंय, टेंपोत डबा हाय. आता हा माणूस रुमालाखाली बोटं दाबून हळदीचे सौदे केलेल्या पिढीतला. उघड्यावर बोट दाखवायचं त्यांच्या जिवावर आलेलं. त्यांनी खिशातनं रुमाल काढला, हातावर टाकला आणि रुमालासकट बोट वर करायची तयारी ठेवली.

पहिल्यांदा अँपवरचा बास उतरवला. लगेच भरतेशची गिटार ऐकू आली. तो म्हणाला, "मी बी हाय व्हय या बँडमधी?" सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच एवढं बोलला. मग ट्रेबल ठिपक्याच्या खूप अलीकडं आणला, पत्रा कापायचा थांबला. गेन निम्म्यावर घेताना आर्जवचं तोंड मिशी उतरवून घेणाऱ्या माणसासारखं झालं होतं. आणि मग मी म्हटलं मिड वाढव.

"शेंबडा वाजतोय गं," तो म्हणाला. खरंच शेंबडा वाजत होता. एकटा.

शिवतेजनं काठ्या आपटून चार मोजले आणि सगळ्यांनी एकदम धरलं. अगं बाई. गिटार मधोमध उभी राहिली, दंड थोपटून. गेन निम्मा आणि दम दुप्पट. आर्जव अँपकडं असा बघायला लागला, जणू त्यात दुसराच कुणी बसलाय.

पण रुमाल काही हलला नाही. कारण आता गिटार बरोबर माझ्या आवाजाच्या जागी येऊन बसली होती. मग आम्ही असं ठरवलं, की मी गाताना आर्जवनं गिटारवरचं आवाजाचं बटण करंगळीनं मागं घ्यायचं, ओळ संपली की पुन्हा पुढं. आणि अँप उचलून दोन खुर्च्यांवर तिरका ठेवला, तोंड थेट त्याच्या कानाकडं. पहिलाच फटका कानात बसल्यावर त्यानं स्वतःहून आवाज उतरवला. एवढे दिवस आमचे कान फोडत होता तेव्हा कळलं नाही.

मी गायले. रुमाल वर गेला. "किल्ली" म्हटलं, वर. "उंदरानं" म्हटलं, वर. काका म्हणाले, "आता भाषा कळली. पण साहेब कोण हाय गं ह्यो?" मी म्हटलं, येतील आता. काका हसत हसत डबा खायला टेंपोकडं गेले.

साहेब, तुम्ही आलात. नारळ, हार, पहिली रांग. आम्ही सुरू केलं आणि मी तुमच्या बुटाकडं बघत गायले. डावा बूट बरोबर ठेक्यावर हलत होता. खरं सांगते, मला आनंद झाला. माणसाला ठेका कळतो म्हणजे आशा आहे. कुलूप, गंज, पडदा, उंदीर, बूट हलतोय. मग मी "साहेब, सांगा की" म्हटलं आणि बूट थांबला. तिथंच. पुढं मैदानभर लोकांनी ओळ उचलली, कुल्फीवाला तर गिऱ्हाईक सोडून ओरडत होता. शिवतेजच्या हातातली काठी हसून हसून सुटली, तरी आर्जवनं गाणं पडू दिलं नाही. बूट मात्र हलला नाही तो नाहीच.

नंतर तुम्ही माइक घेतलात आणि म्हणालात, पोरांची चाल झकास आहे, शब्द काही कळले नाहीत, या प्रकारच्या संगीतात ते कळत नसतातच. लोक हसले. तुम्हाला वाटलं तुमच्या विनोदाला हसले.

परतीच्या वाटेवर टेंपोत आम्ही तुमची नक्कल करत करत सांगलीला पोहोचलो. काकांनी तर गाडी बाजूला घेतली, हसू आवरेना म्हणून.

पण साहेब, कुल्फीवाल्याला कळलं, रुमालवाल्या काकांना कळलं, तुमच्या बुटालासुद्धा कळलं. येत्या मंगळवारी आम्ही चौघं तुमच्या ऑफिसात येतोय. किल्ली कुठं आहे ते तोंडानं विचारलेलं कळंल, का अँप घेऊन येऊ? खुर्च्या तुमच्याच लागतील, दोन. तेवढं उत्तर सोमवारपर्यंत कळवा.