चुकीच्या बाटलीतल्या उवा

"दुसऱ्या कुत्र्याचं अंथरूण पिल्लांखाली घेऊ नकोस," असं कॉलेजच्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या कुत्रीनं मला बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. इकडे श्रीलंकेत, कँडीच्या डोंगरात गारठा पडला, आणि शेजारच्या कुत्र्याचं गोणपाट मीच दातांनी ओढून आणलं.

मित्रांनो, मी एक तरुण कुत्री आहे, तीन पिल्लांची आई. माझा जन्म जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात झाला, म्हणून तिथल्या बाटल्यांचे वास मला पाठ आहेत. पुढे पियासिली आक्कांनी मला घरी आणलं. भात, सुक्या माशांची डोकी, चुलीजवळची जागा, काही कमी नव्हतं.

गोणपाटातून उवा आल्या. पिल्लं खाजवून खाजवून रडू लागली, तेव्हा आक्कांनी कॉलेजातल्या दिलिनीला बोलावलं. ती कुत्र्यांच्या उवांची जनुकं तपासून त्यांची जात ओळखते.

"उवांचीही पत्रिका मांडणार का गं?" आक्का म्हणाल्या. "औषध लाव नि मोकळी हो."

"काही उवा कातडी कुरतडतात आक्के, काही रक्त पितात. कोणत्या ते कळू दे. निकालापर्यंत औषध नको हं, तपासायला पुन्हा उवा हव्या झाल्या तर?"

वेचलेल्या उवा ठेवायला तिनं बाटली उघडली आणि माझं नाक झणझणलं. ते फॉर्मालिन होतं. त्यात जनुकं मोडतात, ती तपासायची तर उवा स्पिरिटमध्येच ठेवायच्या, हे मी कॉलेजात रोज ऐकलेलं. मी भुंकले. बाटली नाकानं ढकलली.

"गप बस. फार लाडावलीय," आक्का म्हणाल्या.

बारा दिवसांनी दिलिनी मान खाली घालून आली. "काहीच वाचता आलं नाही आक्के. बाटली चुकीची उचलली मी."

पुन्हा उवा वेचल्या, पुन्हा थांबणं आलं. एवढ्यात पौर्णिमेच्या सुटीत आक्कांचा भाचा आला आणि माझ्या सर्वांत लहान टिकिरीला दूर बदुल्ला गावी घेऊन गेला. तशीच, औषधाविना.

मग निकाल आला. उवा रक्त पिणाऱ्या होत्या. उरलेल्या दोघांना त्याच दिवशी औषध लागलं. दिलिनीनं त्यांचे ओठ उचलले, तर हिरड्या पांढुरक्या, अंगातलं रक्त कमी झाल्याची खूण.

"आणि तिसरं?" तिनं विचारलं.

आक्का अजून भाच्याला फोन लावताहेत. तो चहाच्या मळ्यात असतो, तिथे फोन लागत नाही.

मित्रांनो, उवांची जात जरूर शोधा, पण नमुना घेतल्यावर पिल्लाला ताटकळत ठेवू नका. मला सगळं कळत होतं आणि काही करता आलं नाही. बदुल्लाकडे तुमचं कोणी असेल, तर करड्या कानांच्या टिकिरीची चौकशी करा. तिचा ओठ उचलून हिरडी पाहा म्हणावं. आजच.