बत्तिसाव्याचा लकवा

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, पण कटरबाई कापणीच्या टेबलापासून हलल्या नाहीत. एरवी घंटेचा पहिला ठोका पडायच्या आत त्यांची कात्री खाली असायची. आज त्यांनी इस्पितळाच्या निळ्या कापडावर खडूने आणखी एक रेघ मारली, पुसली, परत मारली.

"वहिनी, रेघोट्या पुरे झाल्या. ये, तुझी पाळी आहे," काजवाली ओरडली. काजवाली म्हणजे त्यांची थोरली नणंद. दिवसभर गणवेशांना काजं करायची आणि मधल्या वेळात भावजयीला टोचायचं, ही दोन्ही कामं ती एकाच सुईने करत असे.

"वन्सं, आजच्या दिवस तुम्ही बसा ना माझ्या जागी."

"मी? पाळी मोडून? मास्तर माझं कातडं काढून त्याचा कोट शिवतील."

पाळीचा कायदा मास्तरांचाच होता. शिवणाच्या त्या कारखान्यात माणसं सहा, मशिनी चार आणि कोपऱ्यात ऑर्डरी लिहायचा एक जुनाट कॉम्प्युटर. तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीवाला त्यावर एक भुयाराचा खेळ टाकून गेला. वीस मजले खाली उतरायचं, तळाशी ठेवलेला निळा दिवा उचलायचा आणि वीस मजले चढून परत उजेडात यायचं. भुयार दर वेळी नवं, संधी मात्र एकच. मेला की मेला. पुन्हा पहिल्या मजल्यापासून नवा गडी. दयेची म्हणून एकच गोष्ट त्या खेळात होती. तुम्ही पाऊल टाकलंत तरच राक्षस पाऊल टाकतो. तुम्ही हात बांधून बसलात तर तोही बिचारा ताटकळत बसतो.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं: एक सुट्टी, एक माणूस, एक मजला. बाकीच्यांनी मागे उभं राहून घसा फुटेस्तोवर ओरडावं, पण खेळणाऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही. मेलेल्या गड्यांची नोंद भिंतीवर होती, पॅन्टच्या कापणीच्या एका बाद झालेल्या पुठ्ठ्यावर. गडी कितवा, कोणत्या मजल्यावर, कशाने गेला, आणि शेवटी खेळणाऱ्याचं नाव. 'सतरावा, चौथा मजला, उंदीर, इस्त्रीवाला.' त्या उंदरावरून इस्त्रीवाल्याला अजून कोणी सुखाने घास गिळू देत नाही. आणि सगळ्यात खाली: 'एकतिसावा, अठरावा मजला, लकवा, कटरबाई.'

लकव्याचं असं होतं की त्या भुयारात एक पिवळा वायू आहे. तो नाकात गेला की गडी जागच्या जागी खिळतो, आणि दयेची ती एकुलती एक गोष्टही संपते. खेळ मग तुमच्यासाठी थांबत नाही. राक्षस एकेक पाऊल पुढे येतात आणि तुम्ही डोळे फाडून नुसतं बघायचं. कटरबाईंना त्या दिवशी बघवलं नाही. त्या बाणाचं बटण दाबत सुटल्या. आणि खेळ असा डांबरट, की दाबलेलं सगळं साठवून ठेवतो! लकवा उतरला तेव्हा एकही राक्षस जवळ आलेला नव्हता. पण साठलेली नऊच्या नऊ पावलं एकतिसाव्याने एका दमात टाकली आणि सरळ समोरच्या आगीत जाऊन पडला.

मास्तर तेव्हा एवढंच म्हणाले होते, "बाई, सुई अडकली आणि तुम्ही पाय पेडलवरच ठेवलात."

कारखान्यातला पहिला धडा हाच. सुई अडकली की आधी पाय वर, धागा सोडवायचा, आणि मास्तर "चला, पाय खाली" म्हणाले की मगच मशीन चालू. पण कटरबाईंची सगळी हयात कापणीच्या टेबलाशी उभ्याने गेली. पाय वर घेण्याची सवय त्यांच्या पायाला लागणार कुठून?

आणि आज मास्तरांचा शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी ते कायमचे लेकीकडे राहायला जाणार होते. सामान गेलंही होतं. तीन वर्षांत एकही गडी उजेडात आला नव्हता. बत्तिसावा मात्र तळापासून दिवा घेऊन एकोणीस मजले चढून आला होता. एक मजला उरला होता. मास्तरांनी तो बाहेर पडलेला बघायचा तर आजच, याच अर्ध्या तासात. आणि पाळी कोणाची, तर लकवेवाल्या बाईंची.

"बसा बाई," मास्तर मागून म्हणाले. त्यांनी आज डबाही उघडला नव्हता. "पाळी म्हणजे पाळी."

कटरबाई बसल्या.

पहिली दहा मिनिटं त्या अशा खेळल्या की मागच्यांना जांभया आल्या. प्रत्येक पावलाआधी थांबायचं, चार दिशा बघायच्या, मग बोट. "दोनदा मोजायचं, एकदा कापायचं," इस्त्रीवाला पुटपुटला, "पण ही तर दहादा मोजतेय." तेवढ्यात पडद्याच्या खालच्या टोकाला पांढरं काहीतरी हललं आणि सगळ्यांच्या जांभया घशातच राहिल्या.

हाडक्या, तो हाडांचा सांगाडा, आला होता. दिवा उचलल्यापासून तो मजल्यामागून मजला पाठलाग करत होता. बत्तिसाव्याच्या एका पावलात त्याची दोन पावलं.

"पळ, वहिनी, पळ!"

बोळ सरळ आणि अरुंद होता. बोळाच्या तोंडाशी एक मोठं मोकळं दालन, आणि दालनाच्या पार पलीकडे तो जिना, ज्याच्या वर उजेड. बत्तिसावा धावला. बोळाच्या तोंडापाशी पोचेपर्यंत हाडक्याचा श्वास त्याच्या मानेवर होता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यात जीव उरला होता नऊ. हाडक्याचा एक तडाखा म्हणजे पाच-सहा गेलेच.

"पिशवीत काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

पिशवीत एक शिळा पाव, एक दोरी आणि पिवळी कुपी. लकव्याच्या वायूची.

"फोड त्याच्या डोक्यात!" इस्त्रीवाला ओरडला.

"फोडली तर आपणही सापडू, अक्कल गहाण टाकलीस का?" काजवाली त्याच्यावर खेकसली. "तो चिकटलाय आपल्याला!"

"मग काय मरायचं?"

सगळे एकदम बोलायला लागले. कटरबाईंचं डोकं मात्र, का कोण जाणे, कापडाचा तागा उलगडावा तसं मोकळं होत चाललं होतं. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांना तिथे राक्षस दिसेना. रुंदी दिसायला लागली. बोळ किती, दालन किती, मधलं दार किती.

"इथे फोडायची नाही," त्या म्हणाल्या. "बोळात वायू दाट राहील. आधी मी एक पाऊल दालनात जाते. तो दारात येईल. मग फोडायची. बोळात दाट, दालनात विरळ. तो दाटात, मी कडेला. मी आधी सुटेन."

"पण त्या एका पावलात तो मारेल तुला!"

"एकदाच मारेल. एक पाऊल पुढे यायला, एक मारायला. वन्सं, कडेला दोन बोटं कापड सोडल्याशिवाय कोणी कापतं का? सहा जीव सोडायचे. तीन उरतात."

"आणि सात मारले तर?"

"तरी दोन उरतात."

"आणि नऊ?"

कटरबाईंनी मास्तरांकडे वळून बघितलं. मास्तरांनी चष्मा वर सरकवला. बाईंनी बटण दाबलं.

बत्तिसावा दालनात आला. हाडक्या दारात आला आणि त्याने हात उगारला. तडाखा! मशीनवाल्या दोघी किंचाळल्या. जीव: तीन.

"तीन! तीन आहेत! जिवंत आहे मेला!" इस्त्रीवाला टेबलावर बुक्क्या मारायला लागला.

बाईंनी कुपी फेकली. पडदा पिवळा झाला. बोळ काठोकाठ भरला, दालनात एक पातळ झुळूक सरकली आणि ती बत्तिसाव्याच्या नाकात गेली. हाडक्या खिळला. बत्तिसावा खिळला. लकवा.

आणि खेळ आपणहून चालायला लागला.

कटरबाईंची बोटं बाणाच्या बटणावर होती. तीच बोटं, तोच बाण. सगळं अंग ओरडत होतं की दाब, काहीतरी कर, नुसती बसू नकोस. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि सरळ डोक्याच्या वर नेले. वर तर वर, पण पायही जमिनीवरून उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. पोलिसांनी धरलेल्या माणसासारख्या त्या बसून राहिल्या. मागे कोणीही हसलं नाही.

"शाब्बास," मास्तर अगदी हळू म्हणाले.

तेवढ्यात दालनाच्या कोपऱ्यातून एक करडा ठिपका निघाला.

"ते काय आहे?"

"उंदीर," इस्त्रीवाला म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "उंदीर आहे तो."

खरंच उंदीर होता. भुयारातला सगळ्यात फालतू प्राणी; चावला तर एक जीव. पण जीव होते तीन आणि बत्तिसाव्याला शेपटी धरून त्याला फेकून देणंही शक्य नव्हतं. वीस मजल्यांचे राक्षस मारून आलेला गडी पुतळा होऊन उभा, आणि उंदीर टुकुटुकु चालत येतोय.

चावला. दोन.

"अरे हाकला कोणीतरी!" काजवाली पडद्यावर हातरुमाल झटकायला लागली.

परत चावला. एक.

काजवालीने डोळे मिटले. इस्त्रीवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसरा गडी उंदराने गेलेला बघण्याची त्याची ताकद नव्हती. कटरबाईंनी मात्र डोळे मिटले नाहीत. बघणं एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी ते केलं. उंदराने तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तसाच राहिला. उघड्या तोंडाने. दोन चाव्यांच्या नादात त्यानेही तोच वायू ओढला होता.

"उंदराला लकवा!" बाई ओरडल्या. "उंदराला लकवा मारला!"

इस्त्रीवाला असा नाचला की कपड्यांची चळत खाली आली. मग पिवळी झुळूक विरली आणि बत्तिसाव्याची मान हलली. सुटला! खेळ परत थांबला, बाईंच्या बोटाची वाट बघत. साठलेलं एकही पाऊल नव्हतं. बाईंनी हात खाली आणले आणि टाके मोजावेत तशी पावलं मोजली. एक. बघितलं. दोन. बघितलं. हाडक्या अजून दारात. सात. आठ. दहाव्या पावलाला हाडक्याचं बोट हललं. अकराव्याला तो धावत सुटला. पण बत्तिसावा आता जिन्याला लागून उभा होता. हाडक्या कितीही धावला तरी आता उपयोग नव्हता. एक बटण, की बाहेर.

कटरबाई उठून उभ्या राहिल्या.

"अगं, दाब ना!" काजवाली किंचाळली.

"मास्तर, तुम्ही बसा."

"मी नाही," मास्तर म्हणाले. "पाळी मोडायची नाही."

यावर तोड काढली ती काजवालीने. "पाळी मजल्याची असते," ती म्हणाली. "मजला वहिनीने संपवला. जिना कोणाच्याच पाळीत येत नाही. बसा गुमान."

मास्तर बसले. बोट बाणावर नेलं आणि ते तिथेच राहिलं. घड्याळात सुट्टीची दोन मिनिटं उरली होती. मास्तर हलेनात. हाडक्या धावता धावता थांबलेला, उंदीर तोंड उघडून थांबलेला, आणि चाळीस वर्षं मशीन चालवलेलं ते बोट बटणापासून सूतभर अंतरावर थांबलेलं.

"हे दाबलं की संपलं हो," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मग मी जाणार."

इस्त्रीवाला नाक ओढायला लागला. कटरबाईंनाही त्या क्षणी मास्तर जायलाच नको होते. पण त्या खुर्चीजवळ वाकल्या आणि हाताला हात न लावता, मास्तरांच्याच आवाजात म्हणाल्या,

"चला मास्तर, पाय खाली."

मास्तर हसले. बोट खाली आलं. पडदा पांढराशुभ्र झाला, आणि कारखान्यात असा कल्लोळ उठला की रस्त्यावरचा चहावाला आग लागली म्हणून पाण्याची बादली घेऊन आत आला.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मास्तर भिंतीवरच्या पुठ्ठ्यापाशी उभे होते. त्यांनी कापणीच्या टेबलावरचा खडू घेतला आणि एकतिसाव्याच्या खाली आपल्या ठाशीव अक्षरात लिहिलं: बत्तिसावा. मजला: बाहेर. कशाने: लकवा. शेवटी त्यांनी कटरबाईंचं नाव लिहिलं, खडू त्यांच्या हातात दिला आणि मशिनी चालू करायला सांगितल्या.